नारिंगी ठिगळ

यमुना गांगडनं ओली पॅंट माझ्यापुढच्या टेबलावर टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मावशी, हिचं काही व्हतंय का बघा."

मी पॅंट उलगडली. डाव्या पायाला, गुडघ्याच्या मागून थेट मांडीपर्यंत, दीड वीत कापड चिरलेलं. विळीवर दुधी चिरावा तसं, सरळ. आतलं अस्तरही गेलं होतं.

"तुला लागलं का?"

"खरचटलंय थोडं. वळताना आपटले आन् उजव्या स्कीची धार ह्या पायावर आली."

स्कीच्या पट्टीला दोन्ही कडांनी पोलादी धार असते. बर्फात रुतावी म्हणून ही पोरं ती रोज कानस लावून परजायची. तीच धार यमुनाच्या पायावरून फिरली होती. चार सूत आत गेली असती तर पोरगी शर्यतीऐवजी दवाखान्यात गेली असती.

"शर्यत परवा ना?"

"परवा पयली. तिच्यानंतर एक दिस सोडून दुसरी."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. फेब्रुवारी संपत आला होता. मनालीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात दुपारी चांगलं ऊन पडायचं आणि उतारावरचा बर्फ भिजलेल्या साखरेसारखा व्हायचा. असला बर्फ थंडीपेक्षा वाईट. थंडी कपड्याच्या बाहेर उभी राहते, पाणी आत येतं. चिरलेल्या पॅंटमधून पाणी एकदा मांडीला लागलं की स्नायू आखडतो, आणि आखडलेल्या पायानं त्या उतारावरून ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं वळणं घेणं म्हणजे हातपाय मोडायला निमंत्रण.

मी सिंधू खैरनार. सातपूरच्या रेनकोटच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली होती. कारखाना बंद पडल्यावर नाशिकच्या हिमगती मंडळानं मला सामान सांभाळायला आणि कपडे दुरुस्त करायला ठेवलं. मंडळ दर हिवाळ्यात सहा-सात खेळाडू घेऊन हिमाचलात स्पर्धेला यायचं. नाशिकला बर्फ कुठला, असं लोक हसून विचारायचे. पण पोरं खरंच चांगली होती. त्यात यमुना सगळ्यात चांगली. इगतपुरीजवळच्या एका ठाकरवाडीतली. शाळेकडून एका शिबिरात हिमालयात आली, पहिल्यांदा पायात स्की बांधली, आणि तिसऱ्या दिवशी आमचे प्रशिक्षक सुभेदार शेडगे म्हणाले होते, "हिच्या गुडघ्यात स्प्रिंगा हायत. ही मला द्या." शेडगे सातारकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. माणूस दिवसाला वीस शब्द बोलायचा. त्यातले सात त्यांनी तिच्यावर खर्च केले होते म्हणजे बघा.

"होईल ना मावशी?"

"होईल. पण कापड लागेल."

आणि कापड नव्हतं. का नव्हतं ते सांगते, कारण बारा वर्षं झाली तरी ते आठवलं की माझ्या कानशिलाची शीर अजून उडते.

पाणी न शिरणाऱ्या कापडाला आतून एक बारीक पापुद्रा असतो. सगळी करामत त्या पापुद्र्याची. असलं कापड फाटलं तर ते साध्या सुईदोऱ्यानं शिवून चालत नाही. सुई जितक्या वेळा आत जाईल तितकी भोकं, आणि जितकी भोकं तितक्या गळत्या. त्याला त्याच जातीच्या कापडाचं ठिगळ चिकटवावं लागतं. त्यासाठी मी वर्षभर जुने रेनकोट, तंबूचे तुकडे जमवून एक पिशवी तयार केली होती. दिल्लीला बसच्या टपावर सामान चढवताना मंडळाचे सचिव आणि संघाचे व्यवस्थापक अजित देवरे यांनी ती पिशवी खाली ठेवायला लावली.

"खैरनारबाई, आपण बर्फात चाललोय, पावसात नाही. बर्फ कोरडा असतो. ही चिंध्यांची पिशवी कशाला?"

त्या पिशवीच्या जागी एक खोका चढला. त्यात पाहुण्यांना द्यायची पितळी स्मृतिचिन्हं होती. गोंदाची ट्यूब आणि स्पिरिटची बाटली मी माझ्या पर्समध्ये कोंबली म्हणून तेवढं तरी वाचलं.

दुसरी गोष्ट जॅकेटांची. त्या वर्षी कुणा दात्यानं मंडळाला दहा नवी जॅकेटं दिली होती. नारिंगी रंगाची, पाठीवर सोनेरी अक्षरात मंडळाचं नाव, एक नंबरचं कापड. मी हात लावून पाहिलं होतं. असलं कापड आमच्या कारखान्यात फक्त परदेशी मालाला यायचं. दहापैकी एकही खेळाडूच्या अंगावर चढलं नाही. देवरेंनी एक घेतलं, त्यांच्या सौभाग्यवतींनी एक, खजिनदारांनी, खजिनदारांच्या मेव्हण्यांनी, असं करत सहा गेली. ह्यातलं कुणी स्कीवर उभं राहणारं नव्हतं. सगळे खुर्चीवर बसून चहा पिणारे. शेडगेंना दिलं तर ते म्हणाले, "माझं फौजेचं हाय," आणि परत केलं. ते जॅकेट खजिनदारांच्या मुलीसाठी बाजूला निघालं. उरलेली तीन 'मान्यवरांसाठी' कपाटात. आणि खेळाडूंच्या अंगावर? कुठल्याशा परदेशी क्लबानं टाकून दिलेले, तीन हातांतून आलेले कपडे. यमुनाच्या पॅंटच्या आत कुणा गोऱ्या माणसाचं नाव शाईनं लिहिलेलं होतं. तिला ती दोन मापं मोठी होती. मीच कमरेत घेऊन दिली होती.

मी तडक देवरेंकडे गेले. ते व्हरांड्यात ऊन खात बसले होते.

"सर, कपाटातल्या एका जॅकेटची टोपी द्या."

"टोपी?"

"जॅकेटाला मागं टोपी आहे ना, ती चेननं सुटते. जॅकेट तसंच राहील. यमुनाची पॅंट चिरलीय. दुसरं कापड नाही माझ्याकडं."

देवरे हसले. मोठ्यांदा नाही, आपल्याला समजूतदार समजणारी माणसं हसतात तसे. "म्हणजे नवं जॅकेट फाडून जुनी पॅंट शिवणार तुम्ही?"

"शिवणार नाही. चिकटवणार."

"अहो, टेप लावा की. ती चंदेरी टेप मिळते बाजारात."

"ती ओल्यात टिकत नाही. दुसऱ्या वळणाला सुटेल."

"मग तिला सांगा, पडू नको म्हणावं." त्यांनी कपातला चहा संपवला. "आणि बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. ती पाड्यावरची पोर आहे. ओढ्यात पाय घालून वाढलेली. एवढ्याशा ओलीनं तिला काय होतंय? आपल्या केतकीसारखी नाजूक असती तर गोष्ट वेगळी."

केतकी म्हणजे आमची दुसरी खेळाडू. गुणी पोर. तिचे वडील दोन जोड्या नवे कपडे घेऊन द्यायचे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण देवरेंचं ते वाक्य ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा वर्षांच्या पोरीच्या मांडीची कातडी काय म्हशीची असते? पाड्यावर जन्मली म्हणून तिला थंडी वाजत नाही?

कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची, सामान माझ्या ताब्यात होतं. मी कपाट उघडलं, वरचं जॅकेट काढलं, चेन ओढून टोपी सोडवली आणि जॅकेट होतं तसं घडी घालून ठेवलं.

मग कामाला लागले. पॅंट चुलीजवळ धरून कोरडी केली. चिरेच्या दोन्ही कडा स्पिरिटनं पुसल्या, तेल-मळ राहिला तर गोंद धरत नाही. टोपी उसवून सपाट केली आणि ठिगळ कापलं. ठिगळाचे कोपरे कधी टोकदार ठेवायचे नसतात. टोक आधी सुटतं आणि त्याच्यामागून सगळं ठिगळ. मी कोपरे गोल कापले, चिरेच्या चारी बाजूंना दोन-दोन बोटं जास्त ठेवलं. गोंद पातळ लावला, तो बोटाला तार देईस्तोवर थांबले, मग ठिगळ मधून कडेकडे दाबत बसवलं. चमच्याच्या पाठीनं घोटून हवा काढली. वर एक फळी ठेवली आणि फळीवर स्वयंपाक्याकडून मागून आणलेला, पाण्यानं भरलेला मोठा कुकर.

"चोवीस तास कुणी हात लावायचा नाही," मी यमुनाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पॅंट हातात घेतली. गर्द निळ्या पॅंटवर नारिंगी ठिगळ. लांबून पाहिलं तर कुणी पायावर मशाल बांधलीय असं वाटावं. मी नळाखाली धरून दाखवलं. आत एक थेंब नाही.

"चांगलं झालंय मावशी." ती त्यावरून बोट फिरवत राहिली. "पर लई दिसतंय."

"दिसू दे."

"कापड कुठलं?"

"होतं माझ्याकडं," मी म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं. उताराच्या पायथ्याला मांडव, खुर्च्या, मागं फडकणारी निशाणं. सगळे संघ ओळीनं उभे. यमुनाच्या छातीवर सतरा नंबर. प्रत्येक संघानं मुख्य पाहुण्यांना काहीतरी भेट द्यायची असं ठरलं होतं, आणि पाहुणे एक निवृत्त अधिकारी होते, भरघोस मिशांचे, हसरे. देवरेंनी पुढं होऊन त्यांना नारिंगी जॅकेट घातलं. टाळ्या झाल्या. फोटो झाले.

आणि बर्फ पडायला लागला.

आधी भुरभुर, मग दाट. मांडव पुढून उघडा होता, पहिल्या रांगेवर बर्फ सरळ येत होता. आमच्या मंडळाच्या नारिंगी माणसांनी भराभर टोप्या डोक्यावर ओढल्या. पाहुण्यांनीही हात मागं नेला. मानेमागं चाचपलं. चेनचे दात तेवढे हाताला लागले.

"देवरे साहब," ते ध्वनिक्षेपकावरच म्हणाले, "आपके यहाँ टोपी अलग से मिलती है क्या?"

सगळा मांडव हसला. मीही हसले असते, पण मी देवरेंच्या डोळ्यांकडे पाहत होते. ते डोळे पाहुण्यांच्या मानेवरून आमच्या संघाच्या ओळीकडे आले, ओळीवरून फिरले आणि यमुनाच्या डाव्या पायावर थांबले.

कार्यक्रम संपताच त्यांनी तिला मांडवाच्या मागं बोलावलं. मी धावत गेले. शेडगे पुढं होते, बाकीची पोरंही जमली.

"हे काय आहे?" देवरे तिच्या पायाकडं बोट दाखवून म्हणाले.

"ठिगळ हाय सर."

"ते दिसतंय मला. कुठून आणलं?"

यमुनानं माझ्याकडं पाहिलं. तिला तोवर काही कल्पना नव्हती, आणि त्या एका नजरेत तिला सगळं कळलं.

"चोरीचा माल अंगावर मिरवतेस? माझी नाचक्की केलीस सगळ्यांसमोर! तुमच्यासाठी एवढं करायचं, पाड्यावरून उचलून इथवर आणायचं, आणि तुम्ही शेवटी हेच दाखवायचं?" ते खाली वाकले आणि नखानं ठिगळाची कड उचकटायला लागले. मुलीच्या मांडीवर, चारचौघांत. कड हलली नाही. "काढ ती पॅंट! आत्ताच्या आत्ता!"

माझ्या तोंडून तोवर शब्द का फुटला नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. नोकरी डोळ्यांपुढं आली असेल. अर्धं मिनिट असेल, जास्त नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात ती पोरगी एकटी उभी होती.

"सर, हात काढा," मी म्हणाले. "टोपी मी कापली. तिला माहीत नव्हतं."

देवरे सरळ झाले. "तुम्ही?"

"तुमच्याकडं मागितली होती. तुम्ही दिली नाही."

"म्हणून चोरलीत?"

"जे खेळतात त्यांच्यासाठी आलेलं कापड खेळणाऱ्याला लावलं. ह्याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा. तुमच्या बायकोच्या अंगावर आहे त्याला काय म्हणायचं तेही सांगा."

पोरांपैकी कुणीतरी फसकन हसलं. देवरेंचा चेहरा नारिंगी जॅकेटाहून लाल झाला. ते वळले, पंचांच्या टेबलाकडं चालत गेले आणि सतरा नंबरचं नाव मागं घेतल्याचं लिहून दिलं. व्यवस्थापकाला तो अधिकार असतो. कारण लिहिलं, 'शिस्तभंग'.

वर्षभर पहाटे उठून इगतपुरीच्या घाटात पळालेल्या पोरीची शर्यत एका सहीत संपली.

यमुना रडली नाही. सबंध शर्यत ती उताराकडेच्या जाळीपाशी स्कीच्या काठ्या धरून उभी राहिली, प्रत्येक मुलगी वळण कुठं घेते ते बघत. मी मात्र धुमसत होते. दुपारी ती जाळीपासून निघाली तशी मी तिच्याजवळ गेले आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. देवरे असा, देवरे तसा, नाशिकला गेल्यावर मी त्याला सोडणार नाही, वर्तमानपत्रात देईन, सभा बोलवेन. मला वाटत होतं, ती माझा हात धरेल. म्हणेल, मावशी, तुम्ही होता म्हणून.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, हे ठिगळ आतनं लावता आलं असतं का?"

माझी नजर ठिगळावर गेली.

"आतनं लावलं तर पाणी येतं का?"

"नाही येत," मी म्हणाले. "आतून लावलेलंही टिकतं."

खरं तर आतूनच लावायचं असतं. अस्तर चिरलेलं होतंच. आणखी वीतभर उसवलं असतं तर माझा हात आत गेला असता. निळ्या कापडाच्या आत नारिंगी ठिगळ बसलं असतं, बाहेर एक बारीक रेघ दिसली असती, बस्स. तासाभराचं जास्त काम. माझ्याकडं अख्खी दुपार होती. कारखान्यात मी असली शेकडो ठिगळं आतून लावली होती.

"मग?"

खोटं बोलायला जीभ उचलेना. "त्यांना दिसावं म्हणून बाहेरून लावलं. त्यांच्या जॅकेटचा तुकडा तुझ्या पायावर सगळ्यांसमोर उतारावरून खाली यावा, त्यांनी तो बघावा, आणि त्यांना बोलता येऊ नये, म्हणून."

यमुनानं बर्फात रुतलेल्या आपल्या काठ्या हलवून सैल केल्या.

"राग तुमचा व्हता मावशी," ती म्हणाली. "पाय माझा व्हता."

आणि काठ्या उचलून निघून गेली.

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. देवरेंवरचा माझा राग खरा होता, आजही खरा आहे, एका शब्दानं कमी करायला मी तयार नाही. पण त्या माणसानं त्या पोरीला न विचारता वाकवलं, आणि मीही तिला न विचारताच तिच्या पायावर निशाण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरेंनी एक कागद पाठवला. यमुनानं त्यावर सही करायची: 'टोपी माझ्या सांगण्यावरून कापली, मी माफी मागते.' सही केली तर उद्याच्या दुसऱ्या शर्यतीत नाव राहील.

यमुनानं कागद दोनदा वाचला. "मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "मग लिहू कशाला?" आणि कागद घेऊन आलेल्या खजिनदारांना तो परत दिला. मी माझ्या हातानं खरं काय ते लिहून देवरेंकडं दिलं. त्यांनी ते न वाचता खिशात घातलं.

मग मी शेडगेंकडं गेले. ते अंगणात केतकीच्या स्कीला मेण लावत बसले होते.

"सुभेदार, दुपारी चारला प्रशिक्षकांची बैठक आहे ना? उद्याच्या याद्या तिथंच पक्क्या होतात?"

"व्हय."

"देवरे येतात तिथं?"

"त्या हॉलात शेगडी नसती. कधी येत न्हाईत."

"मग तुम्ही तिचं नाव द्या."

ते मेण घासत राहिले. "पुढच्या साली मला बोलवणार न्हाईत."

"मलाही नाही बोलवणार."

"तुमचं तुम्ही वढवून घेतलंय, बाई." त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "पोरगीला इचारलंत?"

पुन्हा तेच करायला निघाले होते मी.

"मी इचारतो," ते उठले. "ती म्हणली तर नाव देतो. तुमच्या रागावर देत न्हाई."

तिनं हो म्हटलं. शेडगे बैठकीला गेले आणि त्यांनी नाव दिलं.

तोवर मी यमुनाला शोधून काढलं. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी तिच्यासमोर बसले. "तू म्हणशील तर ठिगळ आत्ता उखडते. अस्तर उसवून आतून लावते. उद्यापर्यंत पुरतं वाळणार नाही, पण एवढ्या शर्यतीपुरतं निभेल. बाहेरून काही दिसणार नाही."

ती सोलत राहिली. एक शेंग बाजूला ठेवून म्हणाली, "आता उखडलं तर समद्यांना वाटंल, खरंच चोरी केली व्हती."

"मग?"

"राहू दे. पर ह्या टायमाला मी सांगते म्हणून राहू दे."

दुसऱ्या दिवशी आकाश निवळलं होतं. देवरेंना यादीत नाव दिसलं तेव्हा यादी छापून फळ्यावर लागली होती. ते शेडगेंच्या अंगावर धावून गेले. शेडगे सावधान पवित्र्यात उभे राहून सगळं ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "पोरगी सुरुवातीच्या जागेवर पोचली सर. आता खाली आल्यावर बोलू."

वर एक ठिपका हलला. मग तो निळा झाला. मग त्याला नारिंगी कड आली. वळणांसाठी रोवलेल्या खांबांमधून ती सरसर खाली येत होती. ऊन वर चढलं होतं, बर्फ भुसभुशीत झाला होता, तिच्या आधीच्या दोघी त्याच वळणावर आडव्या झाल्या होत्या. तिथं यमुनाचा डावा गुडघा बर्फाला जवळजवळ टेकला, पाण्याचा फवारा उडाला, आणि ती त्या फवाऱ्यातून बाहेर आली. उभी.

त्या दिवशीच्या दोन्ही फेऱ्यांच्या वेळा मिळून एकतीस मुलींत ती नववी आली. आमच्या मंडळाचं कुणीही त्याआधी विसाच्या आत आलं नव्हतं.

ती माझ्यासमोर आली तेव्हा थांबली. मी वाकून पॅंटच्या पायातून हात आत घातला, मांडीपर्यंत नेला. अस्तर उबदार होतं, कोरडं.

"कोरडी हाय," ती म्हणाली.

आणि आता शेवटचं, जे सांगताना मला आजही दात चावावे लागतात. देवरे फोटोग्राफर घेऊन आले. यमुनाच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले, हसले. आठवड्यानं नाशिकच्या एका वर्तमानपत्रात फोटो आला. खाली छापलं होतं, 'सचिव अजित देवरे यांच्या मार्गदर्शनाखाली आदिवासी कन्येची झेप.' फोटो कमरेपर्यंतच होता. ठिगळ कापून टाकलं होतं.

शेडगेंना आणि मला मंडळानं पुन्हा बोलावलं नाही. शेडगे गावी जाऊन शेती बघू लागले. मी पंचवटीत एक गाळा घेतला, रेनकोट, तंबू, ट्रेकिंगची जॅकेटं दुरुस्त करायला लागले. धंदा बरा चालला. देवरे अजून सचिव आहेत. सभा-बिभा मी काही बोलावली नाही. एकदा वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसले होते, पण त्या पत्रात यमुनाचं नाव घालावं लागणार होतं, आणि तिला विचारलेलं नव्हतं.

ती दोन वर्षांनी मंडळ सोडून हिमाचलातच एका प्रशिक्षण संस्थेत लागली, शिकवायला. मला कधी फोन नाही, पत्र नाही. मीही केला नाही. काय बोलणार होते?

गेल्या पावसाळ्यात, एवढ्या वर्षांनी, कुरियरवाल्यानं गाळ्यात एक मोठं पोतं आणून टाकलं. पाठवणाऱ्याचं नाव, यमुना गांगड. आत चौदा स्की पॅंट होत्या, लहान मुलांच्या. कुठं गुडघा फाटलेला, कुठं घोट्याजवळ स्कीच्या धारेनं कापलेलं, कुठं शिवणीची पट्टी सुटलेली. प्रत्येकीला दोऱ्यानं एक कागद बांधला होता आणि त्यावर मुलाचं नाव आणि एक फोन नंबर. वर एक चिठ्ठी होती, तिच्या हातची.

'ही माझी पोरं आहेत. डिसेंबरच्या आत पाठवा. ज्याच्या पॅंटला ठिगळ बाहेरून लावावं लागेल, त्याला आधी फोन करून विचारा.'

मी गाळ्याचं अर्धं शटर ओढलं, बाहेरच्या रस्त्याचा आवाज कमी व्हावा म्हणून. पहिल्या पॅंटची चीर इतकी वाकडी होती की आतून हात पोचण्यासारखा नव्हता. कागदावर नाव होतं, पल्लवी ठाकूर, वय दहा.

मी नंबर लावला.